पुण्यानंतर विमान गायब व्हायचं

धड चालणारं लॉगिन मिळायला मला २३ दिवस लागले. खरं तर काम दोन मिनिटांचं होतं. ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणूनच अजून राग जात नाही.

पुणे विमानतळावर चार वर्षं काउंटर आणि गेट सांभाळून मी मुंबईला आमच्या विमान कंपनीच्या ओसीसीत, म्हणजे ऑपरेशन्स कंट्रोलमध्ये, बदलून आले. (कंपनीचं नाव घेत नाही, नोकरी अजून तिथेच आहे.) मुलाखत, प्रशिक्षण, परीक्षा सगळं झालं. अडलं ते शेड्युलिंग सॉफ्टवेअरपाशी.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. स्क्रीनवर आडव्या ओळी असतात. एक ओळ म्हणजे एक विमान, नोंदणी क्रमांकातल्या व्हीटीच्या (भारतीय विमानांची खूण) पुढच्या तीन अक्षरांवरून ओळखायचं. ओळीवरची प्रत्येक पट्टी म्हणजे एक उड्डाण. विमानाने ब्रेक सोडले, जमीन सोडली, जमिनीला टेकलं, जागेवर येऊन थांबलं, या चारही वेळा विमानातूनच संदेशाने येतात आणि पट्टी आपोआप सरकते. दोन पट्ट्यांमधली फट टर्नअराउंडला (विमान येऊन थांबल्यापासून पुन्हा निघेपर्यंतच्या तयारीला) लागणाऱ्या वेळेपेक्षा कमी झाली की पुढची पट्टी लाल.

तर, लॉगिनसाठीचा फॉर्म. त्यात 'रोल कोड' असा रकाना होता, भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नव्हता. कोडची यादी कुठे आहे विचारलं, तर उत्तर आलं की सॉफ्टवेअरच्या हेल्प मेनूत आहे. म्हणजे आत जायची किल्ली कपाटात आणि कपाट आतल्या खोलीत! शेवटी शेजारच्या डेस्कवरच्या ताईंनी त्यांच्या स्क्रीनवर उघडून दाखवला. (नवीन कुणी असाल तर पहिल्याच दिवशी हे करा. हेल्पडेस्कला विचारत बसू नका.)

नवव्या दिवशी लॉगिन आलं. उघडलं तर जेमतेम काही ओळी आणि प्रत्येक ओळीवर दोनच पट्ट्या, पुण्यात येणारी आणि पुण्याहून जाणारी. त्यापुढे कोरं. माझी बदली झाल्याचं या यंत्रणेला कुणी कळवलंच नव्हतं. तिच्या लेखी मी अजून पुणे स्टेशनची (आमच्या भाषेत स्टेशन म्हणजे विमानतळ) होते, आणि स्टेशनच्या माणसाला आपल्या स्टेशनपुरतंच दिसतं.

हेल्पडेस्कला तिकीट टाकलं. दोन दिवसांनी मेल आला, 'रिझॉल्व्ह्ड'. स्क्रीन तशीच. पुन्हा टाकलं, पुन्हा 'रिझॉल्व्ह्ड'. फोन केला तर म्हणे बेस, म्हणजे नेमणुकीचं ठिकाण, बदलायचं काम एचआरचं. एचआर म्हणे आमच्याकडे मुंबईच दिसतंय, मॅनेजरची मंजुरी पाठवा. मॅनेजर म्हणे मंजुरी तर मी पहिल्याच आठवड्यात दिली. तिघंही खरं बोलत होते, हेच त्यातलं सगळ्यात चीड आणणारं!

आणि समोर स्क्रीनवर ९३. उशिराच्या कारणांचे आयएटीएचे, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचे, ठरलेले आकडे असतात. ४१ म्हणजे विमानातला बिघाड, ३६ इंधन भरणं, ७१ निघण्याच्या ठिकाणचं हवामान. ९३ म्हणजे आधीच्या फेरीवरून विमानच उशिरा आलं. पुण्याच्या गेटवर मी माइकवर किती वेळा म्हटलं असेल, 'इनकमिंग एअरक्राफ्ट लेट आहे'. लोक विचारायचे, "अहो, पण ते का लेट आहे?" मला माहीत नसायचं. एक आजोबा एकदा म्हणाले होते, "बाई, तुम्हालाही आमच्याएवढंच ठाऊक दिसतंय." आता मी उत्तर असलेल्या खोलीतच बसले होते, तरी माझं विमान पुण्याआधी नव्हतं आणि पुण्यानंतर नव्हतं. ते कुठे आहे हे बघायला मी चक्क फोनवर फ्लाइटरडार उघडत होते, प्रवासी उघडतात तसं. ड्यूटी मॅनेजर मागून गेले की फोन पालथा.

तेविसाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिन्ही मेल छापून, बदलीचा आदेश जोडून, आयटीच्या मजल्यावर जाऊन उभी राहिले. कोपऱ्यातल्या मुलाने कागद बघितले, 'बेस'च्या रकान्यातलं पीएनक्यू (पुणे) खोडून बीओएम (मुंबई) टाकलं. झालं. "आधीच यायचं ना," म्हणाला. मी काही बोलले नाही. बदलीचा आदेश मात्र जोडाच, तारीख दिसेल असा.

त्या दुपारी मुंबई-नागपूर ५० मिनिटं उशिरा होतं, कोड ९३. मी ओळ मागे मागे ओढत नेली. चेन्नईहून येताना ६५, चेन्नईला जाताना ८०, आणि सकाळी दिल्लीहून निघतानाच ९५, कोड ७१. धुकं. प्रत्येक थांब्यावर आमच्या लोकांनी १५ मिनिटं कापून काढली होती, ५० मिनिटांचा टर्नअराउंड ३५ मध्ये उरकून. नागपूरच्या गेटवरच्या मुलीला मीच फोन करून सांगितलं, धुकं म्हणून सांग, दिल्लीचं. तिला एवढा फोन कशाला ते कळलं नसावं.

दुसऱ्याच पहाटे माज उतरला. १२ तारखेची ५:१५ ची फ्लाइट यादीत नव्हती, आणि मी मोठ्याने जाहीर केलं की उड्डाण गायब आहे. सगळं टेबल हसलं. सॉफ्टवेअर युटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतं, आपण साडेपाच तास पुढे. ती फ्लाइट ११ तारखेच्या २३:४५ ला मुकाट बसली होती. पहाटे साडेपाचच्या आधीचं काहीही आदल्या तारखेत शोधायचं.

आणखी एक आठवलं. गोव्याचं बघताना जीओआय की जीओएक्स हे दोनदा वाचा. पहिलं दाबोळी, दुसरं मोपा. दाबोळी नौदलाचा तळ, कामाच्या दिवशी सकाळचे काही तास तिथे नागरी विमानं घेत नाहीत. त्यामुळे थोडक्यात वेळ चुकली तर उशीर मिनिटांत राहत नाही, तासांत जातो. पट्टी लाल होण्याची वाट बघू नका.

स्टेशनवाले सगळा उशीर ९३ मध्ये ढकलतात, कारण त्यात त्यांच्यावर काही येत नाही. मीही ढकललाय. आता इथे बसून मीच विचारते की ५० मिनिटांपैकी विमान उशिरा आल्यामुळे किती आणि बॅगा चढवण्यात किती. दोन कोड टाकता येतात, प्रत्येकाची मिनिटं वेगळी. पंधरा मिनिटांच्या आत सुटलं तर डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) हिशेबात ते वेळेवरच, म्हणून सोळाव्या मिनिटावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात.

युटीसीसाठी मी डाव्या हातात दुसरं घड्याळ घालते. आई दर रविवारी म्हणते, त्याचा सेल बदलून आण.