आमची वाटचाल : तास विकण्यापासून हक्क जपण्यापर्यंत

आमचा स्टुडिओ दोघांचा. मी चित्रं काढते, माझा भागीदार पत्रव्यवहार, करार आणि हिशेब पाहतो. पुस्तकांची मुखपृष्ठं, मासिकांतली चित्रं, कापडावरची आणि कागदावरची नक्षी, शिकवणं आणि थोडीफार डिजिटल विक्री असा आमचा व्याप आहे. नव्यानं स्वतंत्र काम करू लागलेली मुलं-मुली आम्हाला भेटतात. कुणी चित्रकार असतं, कुणी छायाचित्रकार, कुणी संगीतकार. सगळ्यांचा प्रश्न मात्र एकच असतो : कौशल्य तर आहे, पण पैसे नेमके येतात कुठून? आमच्याकडे ते जसे येत गेले, तसं सविस्तर लिहिते.

सुरुवातीला आमच्याकडे विकायला एकच गोष्ट होती, ती म्हणजे वेळ. कुणी काम सांगायचं, आम्ही करून द्यायचं, बिल पाठवायचं. या पद्धतीला कमी लेखू नये. हातात पहिला पैसा यातूनच येतो, आणि दुसऱ्याच्या गरजेप्रमाणे, ठरल्या तारखेला काम देण्याची शिस्तही यातूनच लागते. फक्त तासाचा दर नीट काढावा लागतो. वर्षाचे 52 आठवडे. सुट्ट्या आणि आजारपण वजा जाता 46 धरा. आठवड्याला 40 तास म्हणजे वर्षाचे 1840. पण यातले निम्मे तास दरपत्रकं, ईमेल, हिशेब, सराव आणि नवं काम शोधणं यातच जातात. ग्राहकाला बिल लावता येतील असे तास उरतात सुमारे 920. घरखर्च, साधनं, सॉफ्टवेअर, विमा, कर आणि म्हातारपणाची तजवीज हे सगळं एकत्र करून त्याला 920 ने भागायचं. पगारदार माणसाच्या तासाशी तुलना केली की हा आकडा भलताच मोठा वाटतो. तो तसाच असायला हवा, कारण पगारदाराला रिकाम्या तासाचेही पैसे मिळतात, आपल्याला मिळत नाहीत.

हा दर आम्ही ग्राहकाला सांगत नाही. तो आमच्यापुरता असतो, काम परवडतं की नाही हे तपासायला. ग्राहकाला सांगतो ती कामाची एकूण रक्कम. हात सरावला की तेच काम निम्म्या वेळात होतं. तासावर पैसे घेतले तर वर्षानुवर्षं मिळवलेल्या कसबाचा दंड आपणच भरायचा, असा त्याचा अर्थ होतो.

प्रत्येक कामाची पायरी ठरलेली आहे. आधी लेखी मागणी, मग निम्मी रक्कम आगाऊ, मग दोन-तीन कच्ची रेखाटनं. त्यातलं एक पसंत झालं की रंगकाम. सुधारणांच्या दोन फेऱ्या रकमेत धरलेल्या असतात, तिसरीपासून वेगळे पैसे. उरलेली रक्कम जमा झाली की पूर्ण आकाराची फाइल जाते, तोवर छोटी, पाहण्यापुरती प्रत. आगाऊ रक्कम मागताना अनेकांना संकोच वाटतो. पण ज्याला खरंच काम करून घ्यायचं आहे तो ती देतो, आणि जो देत नाही त्याच्याकडून शेवटचे पैसे निघणंही अवघडच असतं.

आमच्या धंद्याला वळण मिळालं ते मात्र हक्कांमुळे. सर्जनशील काम करणाऱ्या प्रत्येकाला हा भाग तोंडपाठ असावा, असं मला मनापासून वाटतं.

मूळ 1886 सालच्या, पुढे सुधारत गेलेल्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसार, कृती तयार झाली की तिचा कॉपीराइट (ती वापरू देण्या-न देण्याचा हक्क) आपोआप अस्तित्वात येतो, नोंदणीची अट नाही. जगातले बहुतेक देश या करारात आहेत. म्हणजे मी चित्र काढलं त्या क्षणी मुळात ते माझं आहे. नोकरीत केलेलं काम बहुधा मालकाचं ठरतं, आणि सांगून करून घेतलेल्या कामाबाबत देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत, म्हणूनच लेखी करार हवा. पण पाया हाच, की ग्राहक आपल्याकडून चित्र वापरण्याची परवानगी घेतो, आणि ती परवानगी किती मोठी हे ठरवणं आपल्या हातात असतं. तिचं मोजमाप चार प्रश्नांनी होतं : कशावर वापरणार? कुठल्या प्रदेशात? किती काळ? आणि एकट्यालाच हक्क हवा, की आम्ही तेच चित्र इतरांनाही देऊ शकतो?

एका मुखपृष्ठाच्या वेळचं उदाहरण देते. प्रकाशकाचा फोन आला, "चित्र आवडलं. सगळे हक्क आमच्याकडे द्या, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारायला नको." भागीदारानं शांतपणे विचारलं, "तुम्हाला चित्र कुठे कुठे लागणार आहे?" छापील पुस्तक, ई-बुक आणि त्या पुस्तकाची जाहिरात, असं उत्तर आलं. "मग तेवढ्याचा परवाना देतो, एका भाषेसाठी, सात वर्षांचा. पोस्टर, वह्या किंवा दुसऱ्या भाषेतली आवृत्ती काढायची झाली तर तेव्हा वेगळं ठरवू. सगळेच हक्क कायमचे हवे असतील तर तेही देता येतील, पण मग रक्कम कितीतरी पट असेल." प्रकाशकानं लहान परवाना घेतला. तो त्यांना स्वस्त पडला आणि आमचं चित्र आमच्याकडे राहिलं. पुढे दुसऱ्या भाषेतल्या आवृत्तीसाठी त्यांनीच पुन्हा पैसे मोजले, आनंदानं. "सगळे हक्क" हे बहुतेक वेळा सवयीनं मागितलं जातं. गरज काय आहे ते विचारलं की गाठ सुटते.

हे एकदा पक्कं झालं की एकाच कामातून अनेकदा मिळकत होऊ शकते, आणि आमच्यासाठी ते सगळ्यात चांगलं जमलं नक्षीच्या कामात. कापड, भिंतीचा कागद, वेष्टणाचा कागद, वह्यांची कव्हरं यांच्यावर जोड न दिसता पसरत जाणारी नक्षी लागते. ती करताना चित्राचा चौकोन मधोमध उभा-आडवा कापून चार तुकडे करायचे आणि तिरक्या समोरासमोरच्या तुकड्यांची अदलाबदल करायची. म्हणजे बाहेरच्या कडा आत येतात आणि मधे रिकामा अधिक-चिन्हासारखा पट्टा दिसतो. तो पट्टा नव्या पानाफुलांनी भरला की चारी बाजू एकमेकींना आपोआप जुळतात. तरीही हा तयार चौकोन सरळ रांगेत मांडला तर डोळ्याला ओळी दिसतात. म्हणून शेजारचा स्तंभ चौकोनाच्या निम्म्या उंचीनं खाली सरकवायचा, आणि डाव्या-उजव्या कडांचा जोड त्या सरकलेल्या मांडणीत पुन्हा जुळवून घ्यायचा. मग पडद्यावर नक्षी अगदी लहान करून, डोळे किंचित बारीक करून पाहायचं. एखादं गडद फूल ठरावीक अंतरानं टोचायला लागलं तर ते हलवायचं किंवा फिकं करायचं. मी या तपासणीला चित्र काढण्याइतकाच वेळ देते.

रंगांचाही हिशेब असतो. स्क्रीन पद्धतीच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणजे रंग गाळून देणारी जाळीची चौकट लागते, म्हणजे रंग वाढला की कारखान्याचा खर्च वाढला. आम्ही नक्षी सहा रंगांच्या आत ठेवतो आणि प्रत्येक रंग फाइलमधल्या वेगळ्या लेयरवर, म्हणजे थरावर देतो. घेणाऱ्याला त्याच्या हंगामाप्रमाणे रंग बदलता येतात. कौशल्य विकायचं तर समोरच्याच्या यंत्रावर पुढे काय होतं ते ठाऊक असावं, असं माझं ठाम मत आहे. अशी फाइल मिळाली की ग्राहक पुन्हा येतो. दिसायला सुंदर पण छापायला त्रासदायक चित्र तो एकदाच घेतो.

नक्षीचा एकच तुकडा आम्ही कापडासाठी एकाला, कागदासाठी दुसऱ्याला आणि भिंतीसाठी तिसऱ्याला देतो. प्रत्येकाला त्याच्या वस्तूपुरता एकट्याचा हक्क. कुणाचं कुणाशी भांडण नाही. काही जण ठोक रक्कम देतात, काही रॉयल्टी, म्हणजे विक्रीवरचा ठरलेला टक्का. रॉयल्टीच्या करारात टक्केवारीच्या आकड्यावर सगळे खिळून बसतात, पण पाहायचं असतं ते टक्के कशावर आहेत. दुकानातल्या किमतीवर, घाऊक किमतीवर, की परतावा आणि सवलती वजा करून उरलेल्या रकमेवर? मोठा दिसणारा टक्का कापलेल्या रकमेवर असला तर लहान टक्क्याहून कमी पैसे देतो. आगाऊ रक्कम परत न करण्याच्या अटीवर घ्यावी. रॉयल्टीतून आधी ती वळती होते आणि मग पुढचे पैसे सुरू होतात. विक्रीचं तिमाही पत्रक आणि गरज पडल्यास हिशेब तपासण्याचा हक्क ही दोन कलमं आम्ही सोडत नाही.

स्टॉक चित्रांच्या, म्हणजे आधीच तयार असलेली चित्रं परवान्यावर डाउनलोड करायला देणाऱ्या संकेतस्थळांच्या बाजाराबद्दल फार लिहीत नाही. आयस्टॉकफोटो 2000 मध्ये आलं, शटरस्टॉक 2003 मध्ये, आणि कुणालाही आपले फोटो-चित्रं जगभर विकता येऊ लागली. ‘अडोबी स्टॉक’ हे संकेतस्थळ चित्रांवर 33 टक्के रॉयल्टी देतं. पण दर डाउनलोडची रक्कम छोटी असते आणि संग्रह प्रचंड असतात. सरावातून उरलेली, हक्क पूर्णपणे आपल्याकडे असलेली चित्रं तिथे ठेवावीत. त्यावर घर चालवायला निघू नये.

शिकवणं हा आमचा दुसरा भक्कम खांब झाला. आधी छोट्या कार्यशाळा घेतल्या, मग रेकॉर्ड केलेले कोर्स आले. कार्यशाळेत विद्यार्थी कुठे अडतात हे दिसतं, आणि कोर्सचा आराखडा त्या अडण्यातूनच बनतो. आमचा नक्षीचा कोर्स "रेषा कशी काढावी" इथून सुरू होत नाही, "जोड का दिसतो" इथून होतो, कारण बहुतेकांचा हात तिथेच थांबतो.

कोर्स विकताना एक फार महत्त्वाची गोष्ट कळली. उडेमी या ऑनलाइन कोर्स विकणाऱ्या संकेतस्थळाच्या व्यवस्थेत विद्यार्थी आपण दिलेल्या दुव्यावरून आला तर विक्रीतले 97 टक्के शिकवणाऱ्याला मिळतात, आणि त्यांच्या बाजारातून आपसूक आला तर 37 टक्के. कोर्स तोच, मेहनत तीच. फरक एवढाच की ग्राहक आणला कुणी. हे दोन आकडे समोर आल्यावर आम्ही आमच्या ग्राहकांची स्वतःची ईमेल यादी मनावर घेतली. वस्तू घेणाऱ्याला विचारून, त्याच्या संमतीनं, नाव-पत्ता यादीत घालायचा आणि सांगण्यासारखं असेल तेव्हाच लिहायचं. यूट्यूब असो वा इन्स्टाग्राम, तिथला प्रेक्षक त्यांच्या अल्गोरिदमच्या मर्जीनं आपल्यापर्यंत पोहोचतो. ही यादी मात्र आपली असते.

यूट्यूबवर आम्ही आहोत, पण जाहिरातीच्या पैशासाठी नाही. तिथे जाहिरातीचा वाटा मिळायला 1000 सदस्य आणि वर्षभरात 4000 तास पाहणं (किंवा शॉर्ट्सवर 90 दिवसांत एक कोटी व्ह्यूज) लागतं. त्यानंतर लांब व्हिडिओंवरच्या जाहिरातीतले 55 टक्के निर्मात्याचे. हे पैसे येतात-जातात. आमचे व्हिडिओ काम दाखवायला आहेत. नक्षीचा जोड भरतानाचा एक साधा व्हिडिओ पाहून कापडवाल्यांनी परवान्यासाठी विचारणा केली आहे.

मासिक वर्गणीचा मार्गही आम्ही धरला. चाहत्यांकडून कलाकाराला अशी वर्गणी मिळवून देणारं पेट्रिऑन हे संकेतस्थळ 2013 मध्ये सुरू झालं. त्याच्या संस्थापकांपैकी जॅक काँटे हे स्वतः संगीतकार, आणि व्हिडिओंना भरपूर प्रेक्षक असूनही जाहिरातीतून हाती फार थोडं येत होतं, यातून ती कल्पना निघाली. थोड्या लोकांनी दरमहा थोडं थोडं द्यावं, हे तत्त्व फार चांगलं आहे. पण दर महिन्याला दिलेला शब्द पाळण्यात केवढं बळ जातं! पोस्टाने वस्तू पाठवण्याचं आश्वासन आम्ही कधीच दिलं नाही. सदस्यांना कामाच्या मूळ फाइली, रेखाटनं आणि महिन्यातून एकदा प्रश्नोत्तरं मिळतात. ही सगळी आमच्या रोजच्या कामातूनच निघणारी सामग्री, वेगळी बनवावी लागत नाही. ब्रशचे संच आणि रंगपट्टे आम्ही स्वतःच्या दुकानातून विकतो, तेही तसेच कामासाठी आधी स्वतःलाच लागलेले.

मोठं काम छापायचं असेल तेव्हा आधी पैसे गोळा करून मग छापणं आम्हाला पटतं. किकस्टार्टर या लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करण्याच्या संकेतस्थळावर ठरवलेली रक्कम जमली नाही तर कुणाकडूनच पैसे घेतले जात नाहीत, आणि जमली तर त्यांचे 5 टक्के, शिवाय व्यवहाराचा खर्च. तिथे किंमत ठरवताना छपाईपेक्षा पाठवणीचा हिशेब बारकाईनं करावा. पुस्तकाचं वजन पुठ्ठा आणि खोक्यासह करून पाहावं, नुसतं नाही.

आज आमची मिळकत परवाने, सांगून आलेली कामं, शिकवणं आणि डिजिटल विक्री अशी विभागलेली आहे. भागीदाराचा एक नियम आहे : कुठल्याही एका ग्राहकाकडून वर्षाच्या मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त येत असेल, तर पुढच्या तिमाहीत पहिलं काम नवा ग्राहक शोधण्याचं. आलेल्या प्रत्येक रकमेतला कराचा वाटा त्याच दिवशी वेगळ्या खात्यात जातो. या सवयीमुळे आम्हाला नको असलेल्या कामाला नाही म्हणता येतं, आणि माझ्या लेखी हीच आमची सर्वांत मोठी कमाई आहे.

अलीकडे करारात एक कलम वाढवलं आहे. चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी वापरण्याचा हक्क नेहमीच्या परवान्यात धरलेला नाही, तो हवा असेल तर वेगळी लेखी परवानगी आणि वेगळी रक्कम. काही ग्राहक त्यावर प्रश्न विचारतात, आणि आम्ही कारण सांगतो : मुखपृष्ठावर वापरणं आणि त्या हातासारखी असंख्य चित्रं काढणारं यंत्र घडवणं हे दोन निराळे वापर आहेत, मग त्यांची परवानगीही निराळी. आतापर्यंत बहुतेकांनी ते मान्य केलं. ज्यांनी केलं नाही त्यांच्याशी बोलणी चालू आहेत, आणि तोवर फाइल आमच्याकडेच आहे.