एकदाची एफआयआर क्वॅश झाली
आज नागपूर खंडपीठात चुलतभावावरची एफआयआर क्वॅश, म्हणजे रद्द झाली बाबा एकदाची. शेताच्या धुऱ्याचं भांडण, मारामारी झाली तेव्हा पोरगं कॉलेजात होतं आणि तेव्हापासून पोलीस व्हेरिफिकेशन आलं की नोकरी हातातून गेलीच समजा. वकीलसाहेबांनी आधी काकांना आन फिर्यादीला समोरासमोर बसवलं, मग नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या (बीएनएसएस) कलम ५२८ खाली अर्ज टाकला (जुन्या सीआरपीसीची ४८२ हो, १ जुलै २०२४ पासून नंबर बदललाय). जजसाहेबांनी फिर्यादीला विचारलं, कुणाचा दबाव नाही ना? नाही म्हणाला. पाच मिनिटांत खेळ खल्लास! आता ऑर्डरची सर्टिफाईड कॉपी पोलीस ठाण्यात नेऊन द्यायची, रेकॉर्ड आपोआप सुधारेल या भरवशावर राहू नका म्हणाले वकीलसाहेब. भाऊ बाहेर टपरीवर काहीच बोलला नाही, नुसता चहा पीत बसला, दोन कप.