यंदा विषय काय?

आषाढ उतरणीला लागला की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात हा प्रश्न सुरू होतो. गणपतीचा देखावा गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. मी काही कलाकार नाही. ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात एस्टिमेटिंगला आहे, म्हणजे कुठल्या मालाला किती पत्रा, किती तांबं आणि किती तेल लागेल याचे आकडे काढतो. तरी लोक विचारतात, "तुम्हाला सुचतं कसं हो?" म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

आधी मीटिंगबद्दल. पाचपन्नास माणसं बसवून "विषय सुचवा" म्हटलं की दहा मिनिटांत केदारनाथ, चांद्रयान आणि "पाणी वाचवा" येऊन जातात. यात वाईट काही नाही, पण हेच तिघं त्याच संध्याकाळी बडोद्याच्या निम्म्या मंडळांतही आलेले असतात. पहिल्या झटक्यात सुचतं ते आपलं नसतं, हवेत असतं. मी ती नावं वहीत लिहून घेतो, कारण लिहिल्याशिवाय ती डोक्यातून जात नाहीत, आणि अध्यक्षांनाही बरं वाटतं.

मग विषय बाजूला ठेवून मी टेप घेऊन जागा मोजतो. आमची जागा म्हणजे पडवी, आणि पडवीच्या बरोबर मध्ये, पुढच्या कडेला, एक सागवानी खांब. वाडा त्याच्यावर उभा आहे, तेव्हा तो हलणार नाही. माझ्या आधीच्या मंडळींनी त्याला झिरमिळ्या गुंडाळल्या, कमळं चिकटवली, एका वर्षी त्याचा कल्पवृक्ष केला. पण समोर उभं राहिलं की खांब आडवा येतोच. लोक आपसूक डावीकडे किंवा उजवीकडे सरकतात आणि मान वाकडी करून बघतात.

रावपुऱ्यातला तांबेकर वाडा ज्यांनी आतून पाहिला असेल त्यांना मी काय म्हणतो ते पटेल. एकोणिसाव्या शतकातली ती भित्तिचित्रं, कृष्णकथा आणि मराठे-इंग्रज लढाया, मोकळ्या सपाट कॅनव्हासवर काढलेली नाहीत. दारं, खिडक्या, खांब यांच्या मधे जेवढी भिंत मिळाली तेवढीत ती बसवली आहेत. अडचण आधी, चित्र नंतर. आपण नेमकं उलटं करतो: चित्र डोक्यात ठरवतो आणि मग खांबाला शिव्या घालतो.

आता वहीबद्दल. माझ्या खिशातल्या वहीत कल्पना नसतात. दिसलेल्या गोष्टी असतात, शक्यतो मत न देता. एकदा पेंट शॉपजवळून जाताना एक कॉरुगेटेड टाकी दिसली. तिच्या भिंतीला पत्र्याच्या नागमोडी घड्या असतात, तेल थंड व्हावं म्हणून. घड्या जितक्या जास्त तितका वारा लागणारा पत्रा जास्त. पोऱ्याने एका बाजूने स्प्रे मारून ठेवला होता. जाताना टाकी राखाडी दिसली. चहा पिऊन परत येताना तीच टाकी लाल, खालच्या रेड ऑक्साइडच्या अस्तराची. मी लिहिलं: "टाकी. इकडून राखाडी, तिकडून लाल." बस. त्याचं काय करायचं हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं, आणि ते बरंच झालं. तेव्हाच डोकं चालवलं असतं तर एखादी रंगीत कमान करून मोकळा झालो असतो.

ती ओळ वहीत तशीच पडून होती. पुढे एका पावसाळ्यात खांबापाशी टेप धरून उभा असताना दोन्ही गोष्टी एकमेकींना भेटल्या. लोक नाहीतरी डावी-उजवीकडूनच बघतात, तर टाकीसारख्या घड्या घालून, घड्यांच्या डाव्या अंगांवर एक आणि उजव्या अंगांवर दुसरं असं वेगवेगळं चित्र का देऊ नये? समोरून बघितलं तर घड्यांवर दोन्ही चित्रांची खिचडी दिसेल, पण समोर खांब आहे! इतकी वर्षं लपवत आलो तो खांबच आता खिचडी लपवणार होता.

विषय सगळ्यात शेवटी आला, आणि आत्याने दिला. डावीकडून महाभारत सांगणारे व्यास, उजवीकडून ते लिहिणारा गणपती. गणपतीची अट, लेखणी थांबता कामा नये. व्यासांची अट, अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही. त्याला विचार करायला लागावा आणि आपल्याला पुढचं रचायला वेळ मिळावा म्हणून व्यास मधूनमधून कूटश्लोक घालत. परंपरा त्यांचा आकडा 8800 सांगते. अडचण आपणहून निर्माण करून वेळ काढणारा लेखक मला तरी फार जवळचा वाटला.

आता हिशेब, कारण खरं काम इथे असतं. पाच फुटी चौकट, तीन इंची पट्ट्या, प्रत्येक चित्राच्या 20, एक याची एक त्याची अशा चिकटवलेल्या. घडीचा कोन 90 अंश ठेवला तर एकच चित्र दिसायला प्रेक्षकाला 45 अंश बाजूला जावं लागतं, म्हणजे आमच्या बोळात समोरच्यांच्या ओट्यावर चढावं लागलं असतं. कोन 60 केला की 30 अंशांवर भागतं. शिवाय 60 ला प्रत्येक चित्राची रुंदी चौकटीएवढीच निघते, कागद कापायला सोपं.

भंगारवाल्याकडून पुठ्ठ्याची खोकी आणून जुन्या वर्तमानपत्रांची दोन चित्रं चिकटवून बघितली. डावीकडे उभं राहिलं की लांबची कड स्वच्छ, जवळच्या कडेला मात्र गोंधळ, कारण तिच्याकडे आपण जवळजवळ सरळच बघत असतो. दोन दिवस डोकं खाल्लं. तिसऱ्या दिवशी पावसाच्या दमटपणाने पुठ्ठा मऊ पडून दोन्ही बाजूंनी पुढे वाकला, आणि भाची ओरडली, "मामा, आता नीट दिसतंय!" कडा पुढे वळल्या की जवळच्या कडेशीही नजरेला तिरपा कोन मिळतो. एवढी भूमिती मला यायला हवी होती म्हणा, पण पुठ्ठ्याला आधी कळली. मग जाड प्रेसबोर्ड, म्हणजे दाबून केलेला कडक पुठ्ठा, घेऊन सांगाडाच कमानीसारखा वळवला. म्हणून मी कागदावर ठरवत बसत नाही. रद्दीत, खळीत, लवकर आणि वेडंवाकडं करून बघतो. नुसत्या बोलण्यात कुठलीही कल्पना छानच असते.

पहिल्या संध्याकाळी शेजारच्या वाडीतलं एक पोर आईचा हात सोडून डावीकडून उजवीकडे पळत होतं, "मम्मी, बदलाई गयुं! जो, बदलाई गयुं!" लोक आरती विसरून खांबाभोवती फेऱ्या मारू लागले. गुरुजी थोडे नाराज झाले.

आता मंडळात काही जणांचं म्हणणं, तेच परत नको. मला ते पटत नाही. आपल्या कीर्ती मंदिरात, म्हणजे गायकवाडांच्या स्मारकात, चित्रकार नंदलाल बोसांचं 'नटीर पूजा' हे भित्तिचित्र आहे, 1943 चं. तोच विषय त्यांनी आदल्याच वर्षी शांतिनिकेतनात चीना भवनाच्या भिंतीवर रंगवला होता. नंदलालबाबूंना चालतं तर दांडिया बाजारला का चालू नये? एकदा करून सोडलेल्या गोष्टीत बहुतेक वेळा निम्मी गोष्ट शिल्लक असते.

माझ्या डोक्यात आता घड्या आडव्या घालायचं आहे. मग डावं-उजवं नाही, वर-खाली: मोठ्यांना एक चित्र, लहान मुलांना खालून दुसरं, आणि मुलांनी आईबापांना सांगायचं की आम्हाला काय दिसतंय. उंचीचा हिशेब चालू आहे. बाबाच्या खांद्यावर बसून येणाऱ्या पोरांचं काय करायचं, तेवढं अजून सुटलेलं नाही.