स्लाईड अडकते? आधी बॅरल बाहेर काढा

घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या वापरून काडतुसं भरली की एक तक्रार हमखास येते, पिस्तुलाची स्लाईड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) पूर्ण बंद होत नाही, थोडी मागेच अडकून राहते. मग कोणी स्प्रिंग बदलतं, कोणी फीड रॅम्प (काडतूस वर चढवणारा उतार) घासायला बसतं, आणि हे बघून मला खरंच वाईट वाटतं कारण घासलेलं परत येत नाही. आधी फॅक्टरीची काडतुसं चालवून बघा ना, ती नीट गेली तर पिस्तुलाला हात लावू नका, गडबड आपल्या काडतुसात आहे.

प्रायमर (बारूद पेटवणारी टोपी) आणि बारूद न घालता दोन-चार डमी काडतुसं बनवा. बॅरल (नळी) काढा, तोंड खाली करून धरा आणि डमी चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या खोबणीत, सोडा. टक् असा आवाज यायला हवा, बोटाने सहज गोल फिरायला हवी, उलटं केलं की आपोआप पडायला हवी. अडली तर ती काळ्या मार्करने पूर्ण रंगवा, परत घालून जरा फिरवा आणि शाई कुठे खरवडली ते बघा.

गोळीच्या गोलाईवर ओरखडा असेल तर गोळी रायफलिंगला (नळीतल्या पिळदार खाचांना) टेकतेय, म्हणजे अजून खोल बसवायला हवी. ९ मिमी काडतुसाची कमाल लांबी २९.६९ मिमी असते खरी पण ती सगळ्या गोळ्यांना चालत नाही, रुंद नाकाच्या ओतीव गोळीला बऱ्याचदा बरीच कमी लागते. खोल बसवली की प्रेशर वाढतं, त्यामुळे रीलोडिंगचं मॅन्युअल उघडून बारूद परत सुरुवातीच्या मापापासून धरायचं, यात अजिबात तडजोड नको.

शाई केसच्या (काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या) तोंडाशी गेली असेल तर नीट निरखून बघा, बहुतेक वेळा तिथे शिशाची बारीक चकचकीत कडी दिसते. तोंड पुरेसं उघडलं नव्हतं म्हणून बसताना गोळी सोलली गेली. थोडं जास्त उघडा आणि टेपर क्रिम्पने (तोंड हलकं आवळून) तेवढंच परत सरळ करा, ९ मिमी काडतूस चेंबरमध्ये केसच्या तोंडावरच टेकतं म्हणून रोल क्रिम्प (कड आत वळवणं) नको. आणि जोरात आवळूही नका, शिसं मऊ, आत गोळीच बारीक होते, पकड सुटते आणि बॅरलमध्ये शिसं चिकटायला लागतं.

सुरुवातीची काडतुसं बरोबर आणि पुढची हळूहळू आखूड होत गेली तर सीटिंग डाय (गोळी केसमध्ये बसवायचा साचा) खोलून बघा, गोळ्यांचं ल्यूब (वंगण) आत साचून घट्ट बसलेलं असतं.