त्रेपन्न आणि तीनचा नाका

‘53rd & 3rd’ हे गाणं मी कितीतरी वर्षं नुसतं पाय हलवत ऐकलं. रामोन्स या अमेरिकन पंक रॉक बँडच्या १९७६ सालच्या पहिल्या अल्बममधलं, जेमतेम सव्वादोन मिनिटांचं. शब्दांकडे लक्ष जाईपर्यंत संपलेलंही असतं.

मग एका रात्री भांडी घासताना ते नीट ऐकू आलं आणि कढई हातातच राहिली. गाण्याचं नाव म्हणजे नुसता पत्ता: मॅनहॅटनमधला त्रेपन्नावा रस्ता आणि थर्ड अव्हेन्यू. तेव्हा न्यूयॉर्कचं दिवाळं निघायच्या बेतात होतं. या नाक्यावर पोरं उभी राहायची, पुरुष गिऱ्हाइकांची वाट बघत. गाणं लिहिणारा, बँडमधलाच डी डी रामोनही त्यांतलाच, असं त्याच्या ओळखीचे लोक सांगत. हेरॉइन काही फुकट मिळत नव्हतं.

गाण्यातला पोरगा व्हिएतनामहून परतलेला सैनिक आहे. डी डी कधी युद्धावर गेला नव्हता. फौजेत होता तो त्याचा बाप. मला आपलं वाटतं, नाक्यावर उभं राहायला त्याने बापाचाच गणवेश उसना घेतला असावा.

पण खरी ठुसठुस निराळीच आहे. त्या पोराला कुणी निवडतच नाही! लाज सोडून स्वतःला विकायला उभं राहायचं, आणि गिऱ्हाइकाने शेजारच्याला घेऊन जायचं. गल्लीतल्या क्रिकेटला टीम पाडताना मी नेहमी शेवटी उरायचो; तुलना फारच बाळबोध आहे, पण पोटात पडणारा तो खड्डा ओळखीचा वाटला.

शेवटी एक जण त्याला नेतो. तिथे हा ब्लेड काढतो, आपण बायल्या नाही हे दाखवायला. एरवी गाणं बँडचा मुख्य गायक जोई गातो, पण नेमकं हे कडवं डी डी स्वतः गातो. गातो कसला, घसा फाडून ओरडतो.

परवा नकाशावर तो नाका शोधला. आता तिथे चौतीस मजली इमारत आहे, आकारामुळे लोक तिला लिपस्टिक बिल्डिंगच म्हणतात. गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल २००८ साली पकडला गेलेला बर्नी मॅडॉफ याच इमारतीतून धंदा करायचा. कित्येकांचे पैसे घ्यायला तो आधी नकार द्यायचा म्हणे. मग बडी बडी माणसं ओळखी काढून, ताटकळत, तो आपल्याला कधी घेतो याची वाट बघत बसायची.