सेट म्हणजे लावणं की बसवणं?

परवा संध्याकाळी भाची वही घेऊन आली, नववीत आहे, सेमी इंग्लिश, आणि चेहरा पार उतरलेला. शब्द काढून त्याजागी समानार्थी शब्द घालायचा आणि वाक्य परत लिहायचं असा होमवर्क होता, शब्द होता सेट. तिने मोबाइलवर सिनॉनिम शोधले, पहिला मिळाला पुट, तोच घातला, "द सन पुट्स इन द वेस्ट". त्यावर लाल रेघ. "मावशी, लिस्टमध्ये पहिला तोच होता गं, मग चूक कसं?"

मला विचाराल तर चूक त्या लिस्टची आहे. पुट, फिक्स, अरेंज, हार्डन, ग्रुप सगळे एका ओळीत उभे केलेत, कोणता कुठे चालतो ते एका अक्षराने सांगितलेलं नाही, मग पोरीने काय करायचं? आणि हा शब्दही साधा नाही. मोठ्या ऑक्सफर्ड डिक्शनरीची १९८९ ची वीस खंडांची आवृत्ती आहे ना, तिच्यात नुसत्या सेट या क्रियापदाचे ४३० अर्थ दिलेत. पुढे रन त्याच्याही वर गेला, ६४५.

मग म्हंटलं लिस्ट बंद कर, आपण घरातच शोधू. आमच्याकडे नौपाड्यात सध्या बाथरूमच्या लाद्यांचं काम चाललंय, मिस्त्री सकाळीच सांगून गेला होता की ताई उद्यापर्यंत पाय ठेवू नका, माल सेट होऊ द्या. आणि ओट्यावर विरजण लावलेलं, आई दर तासाने विचारते, दही लागलं का बघ. सिमेंट सेट होतं आणि दहीपण सेट होतं, इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, आपण दह्याला लागलं म्हणतो. इथून गाडी जी सुटली ती थांबेना. गजर लावतो, आग लावतो, सापळा लावतो, कवितेला चाल लावतो, हे सगळं सेट. हिरा कोंदणात बसवतो, सरकलेलं हाड बसवतात, हेही सेट. परीक्षेचा पेपर मात्र काढतात, लग्नाची तारीख ठरवतात आणि जेवायची ताटं मांडतात, तिथे लावणं बसवणं दोन्ही चालत नाही. भाची म्हणाली, गडकरी नाट्यगृहात तर नाटक बसवतात आणि सेट लावतात! हे मला सुचलं नव्हतं.

तिला मग मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगितली. सेट हा शब्द सिटपासून झालाय, जुन्या इंग्रजीत सेत्तान म्हणजे बसायला लावणं. आपलं बसणं आणि बसवणं, अगदी तेच. इंग्रजीत अशा जोड्या अजून आहेत, फॉल म्हणजे पडणं आणि झाड फेल करणं म्हणजे पाडणं. पडणं-पाडणं, जळणं-जाळणं आपण न शिकता बोलतो, पण वर्गात कोणी दाखवत नाही की तिकडेही हीच चाल आहे. सिटचं मूळ संस्कृतातल्या सद् धातूशी जुळतं, उपनिषद शब्दात आहे तोच, जवळ बसणं. आपलं बसणं मात्र विश् धातूतून आलंय, ते वेगळं घराणं.

आणि तो ग्रुप? तो या क्रियापदाचा समानार्थी नाहीच. तिच्या गणिताच्या पुस्तकात पहिला धडा सेट्स आहे, आई मराठी माध्यमातली, ती अजून संच म्हणते. तो सेट लॅटिनच्या सेक्टावरून फ्रेंचमार्गे आला, एखाद्याच्या मागे जाणाऱ्या लोकांचा गट अशा अर्थाने, नंतर दोघांचं रूप एकच पडल्यामुळे मिसळले. म्हणजे दोन निराळी माणसं एका आधार कार्डावर, आणि लिस्टवाल्याने दोघांचे नातेवाईक एकाच पंगतीत बसवले.

राहिला सूर्य. त्याला तर कोणी बसवत नाही, भाचीने बरोबर पकडलं. पण जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला सेटलगांग म्हणत, म्हणजे आसनाकडे जाणं, दिवसभर फिरून सूर्य आपल्या जागेवर बसायला चाललाय. हे ऐकल्यावर ती दोन मिनिटं गप्प होती. मग म्हणाली आपण काय म्हणतो? आई म्हणते दिवस मावळला. माझी आजी अलिबागकडची, समुद्राकाठची, ती बुडाला म्हणायची, कारण तिने तो रोज तसाच पाहिला होता.

भाचीने वाक्य परत लिहिलं, "द सन गोज डाऊन इन द वेस्ट", आणि समासात पेन्सिलने बारीक अक्षरात, बुडतो.