खांबावरचे चुंबक

भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते. आमच्या एका जुन्या ग्राहकाचा मेल आला. दिवाळीत खपलेला ड्रायफ्रूटचा गिफ्ट बॉक्स लग्नसराईसाठी पुन्हा छापायचाय, रंग बदला आणि मागच्या बाजूला रिसायकलचं तीन बाणांचं चिन्ह टाका. मी पुण्यात चौदा वर्षं पॅकेजिंग डिझाइन करते आहे. चिन्ह टाकायला दोन मिनिटं पुरतात. पण हा बॉक्स खरंच रिसायकल होतो का, हे मला छातीठोकपणे सांगता येईना. पुठ्ठा आहे म्हणजे होत असणार, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. म्हणून ओळख काढून सुक्या कचऱ्याच्या एका शेडमध्ये गेले.

पत्र्याची शेड, आत माणूसभर उंचीचे ढीग. दिवाळीनंतरचे दोन आठवडे इथे उसंत नसते. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून पुण्यात कचरावेचकांसाठी काम करते आहे, हे मी वाचलं होतं. पण वेचून आणलेला माल हाताने निवडताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिथल्या मावशींचा हात थांबत नव्हता. पाण्याची बाटली एका पोत्यात, दुधाची पिशवी दुसऱ्यात, कोरा पुठ्ठा तिसऱ्यात. प्लास्टिक ओळखता आलं नाही तर त्या ते कानाशी नेऊन चुरगळायच्या आणि आवाजावरून ठरवायच्या.

आणि त्या ढिगात मला माझा बॉक्स दिसला. एक नाही, सात-आठ. गडद जांभळा, सोनेरी अक्षरांचा. हा रंग पक्का करायला मी छापखान्यात रात्री अकरापर्यंत उभी राहिले होते.

मी एक उचलून मावशींच्या हातात दिला. हा कशात जातो, विचारलं.

"ह्यो? ह्याला लई येळ लागतो, ताई. म्हणून बाजूला ठेवलेत."

त्यांनी कोपरा धरून ओढला. पुठ्ठा फाटला, पण वरचा कागद फाटेना. तो कातडीसारखा ताणला गेला. ते माझं मॅट लॅमिनेशन. कागदावर चिकटवलेली प्लास्टिकची पातळ फिल्म, जिच्यामुळे बॉक्स हाताला मखमलीसारखा लागतो. मिलमध्ये पुठ्ठा पाण्यात घुसळून लगदा करतात तेव्हा ही फिल्म विरघळत नाही, तिच्या चिंध्या जाळीवर अडकतात. म्हणून भंगारवाला असा माल एक तर घेत नाही किंवा भाव पाडतो. मग मावशींनी आतला ट्रे उपसला. खाली प्लास्टिक, वर गोंदावर चिकटवलेली मखमली लव. त्यांनी तो कानाशी नेला, चुरगळला आणि माझ्याकडे पाहिलं. "ह्ये प्लास्टिक म्हनायचं का कापड?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. लव आवाजच येऊ देत नव्हती. ट्रेखाली पुठ्ठ्याचा एक पोकळ चौथरा होता. बॉक्स उंच दिसावा म्हणून तो मीच घातला होता.

शेवटी झाकण. त्यात चार गोल चुंबक असतात, कागदाखाली पुरलेले, झाकण मिटताना टक असा आवाज यावा म्हणून. मावशींनी खिळ्याने ते एकेक उकरून काढले, उठल्या आणि शेडच्या लोखंडी खांबाला नेऊन चिकटवले. तेव्हा मी खांब नीट पाहिला. हाताच्या उंचीवर चुंबकांची एक रांगच होती, पन्नास तरी असतील. "कुनी घेत न्हाई. टाकवत बी न्हाई. ऱ्हाऊ द्या म्हनलं इथंच."

एका बॉक्सला चार मिनिटं गेली. मी मोबाइलवर पाहिलं होतं. त्यांची कमाई विकलेल्या मालाच्या वजनावर. तेवढ्या वेळात त्यांनी बाटल्यांचं अर्धं पोतं निवडलं असतं.

मी शेडच्याच काट्यावर एक अख्खा रिकामा बॉक्स ठेवला. ५६० ग्रॅम. आत माल भरतो ४०० ग्रॅम, १०० ग्रॅमच्या चार चकचकीत पुड्या. आम्ही १२,००० बॉक्स केले होते. म्हणजे पावणेसात टनांच्या आसपास नुसतं वेष्टन, पावणेपाच टन सुकामेव्यासाठी. हा हिशोब मी आधी कधीच मांडला नव्हता, कारण माझ्याकडून कुणी तो मागितलाच नव्हता. मागायचे ते एवढंच, की हातात घेतल्यावर भारी वाटलं पाहिजे.

कायदे नाहीत असं नाही. १ जुलै २०२२ पासून मिठाईच्या डब्यांवर गुंडाळायची प्लास्टिक फिल्म देशभर बंद झाली. आमच्या ग्राहकाने ती काढलीही. पण मग बॉक्स साधा वाटतो म्हणून लॅमिनेशन घ्यायला लावलं आणि मी हो म्हटलं. गुंडाळलेली फिल्म निदान सोलून वेगळी तरी करता यायची. आतल्या पुड्यांचंही तेच. २०१६च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत, रिसायकल न होणारी बहुस्तरीय वेष्टनं, म्हणजे या पुड्यांसारखी वेगवेगळे थर एकत्र चिकटवलेली, दोन वर्षांत बंद करायची असं होतं. २०१८च्या दुरुस्तीत ‘जाळून ऊर्जा मिळत असेल किंवा दुसरा काही उपयोग होत असेल तर चालेल’ अशी वाट ठेवली गेली. त्या पुड्यांची पोती शेडच्या मागे भिंतीला लावून ठेवली होती. मला त्या दुरुस्तीचा फार राग येतो, आणि तो येण्याआधी स्वतःचाही येतो.

त्या संध्याकाळी मी ग्राहकाला कळवलं, या बॉक्सवर तीन बाण टाकता येणार नाहीत. आणि सोबत दुसरा नमुना करून देते म्हटलं. एकाच पुठ्ठ्यातून कापून घडी घालायचा, लॅमिनेशन नाही, चुंबक नाही, चौथरा नाही, आतले कप्पेही त्याच पुठ्ठ्याचे. तो भरला ११० ग्रॅम. ग्राहक फोनवर बराच वेळ बोलला. हलका लागतो, शेजारच्या दुकानातला मोठा दिसेल, आहेरात नेणाऱ्याला कमीपणा वाटेल. यातलं काहीच खोटं नाही, मला ठाऊक आहे. अजून त्याने होकार दिलेला नाही.

शनिवारी मी नमुना घेऊन पुन्हा शेडमध्ये गेले. मावशींनी तो एका झटक्यात उभा फाडला, फाटलेली कड बोटाने चाचपली आणि मान डोलावली. पुठ्ठ्याच्या ढिगाकडे टाकायला हात उचलला, आणि थांबल्या. झाकणावरच्या सोनेरी अक्षरांवर नख घासून पाहिलं.

"आन् ह्ये कशाचं हाय?"

फॉइल. ते तसंच राहून गेलं होतं. घरी येऊन मी आर्टवर्क उघडलं आणि नाव साध्या तपकिरी शाईत बसवलं.